हिवाळ्यात बागा पाहायला जाण्यात काय मिळतं? आणि सणाच्या सजावटीसाठी घरच्या बागेतलं किती कापावं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न एकत्रच विचारते, कारण माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतले आहेत.

घरामागे छोटी बाग आहे. उन्हाळ्यात तिचं सगळं मला कळतं: कशाला पाणी कमी पडलं, काय फुलण्याच्या बेतात आहे, कशावर मावा पडलाय. पण पानगळ संपली आणि पहिली गोठवणारी रात्र येऊन गेली की मी नुसती खिडकीतून बघत राहते. करड्या काड्या, एक हॉलीचं झाड, कुंपणावर चढलेली आयव्ही, हायड्रेंजियाची वाळलेली डोकी आणि कडेला थुजाची रांग, एवढंच दिसतं.

यंदा सणाला सासूबाई राहायला येत आहेत. त्यांचा हात फुलापानांत फार रमतो. दारावर, खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर काहीतरी खरंखुरं हिरवं लावू या, असं त्यांनी फोनवर आधीच सांगितलंय. प्लॅस्टिकच्या माळा आम्हा दोघींनाही नको आहेत. मोठ्या बागांमध्ये काय काय करतात ते आधी पाहून यावं असाही आमचा विचार आहे.

तर पहिला प्रश्न असा: कडाक्याच्या थंडीत बाग पाहायला जायचं तर बघायचं काय? आणि दुसरा: घरच्या झाडांवरून सजावटीसाठी किती आणि कुठून कापलं तर झाडांना चालतं? हॉलीवर आम्ही आल्यापासून एकही लाल फळ धरलेलं नाही. खोडाला लेबल आहे, त्यावर 'सिल्व्हर क्वीन' लिहिलंय. पानांच्या कडा पांढऱ्या आहेत, झाड निरोगी आहे, बहरही येतो. मग फळ का नाही?

पानकळा

अंगणवेल, हॉलीचं आधी सांगते, कारण त्याचं उत्तर लेबलावरच आहे. हॉलीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फळ धरतं ते फक्त मादीवर, आणि त्यासाठी जवळपास नर झाड असावं लागतं. 'सिल्व्हर क्वीन' नावाने राणी असली तरी झाड नर आहे. 'गोल्डन किंग' मात्र मादी आहे, त्याला फळं येतात. त्यामुळे तुमच्या झाडात काही खोट नाही आणि कितीही खत घातलंत तरी त्यावर फळ येणार नाही. ते ठेवाच. पांढऱ्या कडांची पानं सजावटीत लाल फळांइतकीच उठून दिसतात, आणि आसपास कुणाकडे मादी हॉली असेल तर तिला तुमच्याच झाडाचे परागकण मिळत असतील. स्वतःची लाल फळं हवीच असतील तर 'जे. सी. व्हान टोल' बघा. एकटं लावलं तरी फळं धरतं आणि पानांना काटे अगदी कमी, त्यामुळे गुंफताना हात सोलवटत नाहीत.

आता बागा पाहण्याबद्दल. हिवाळा हा बाग पाहायला जाण्याचा उत्तम काळ आहे असं मी मनापासून मानते. उन्हाळ्यात फुलं नजर खेचून घेतात आणि बाकी काही दिसतच नाही. थंडीत पानं उतरली की बागेचा सांगाडा उघडा पडतो. वाट कुठे वळवलीय, कुंपणाची उंची किती ठेवलीय, एखादं झाड तिथेच का लावलंय, हे सगळं कळतं. आणि घरी येऊन तुम्हाला करता येण्यासारखं जे असतं ते नेमकं हेच.

'हिवाळी बाग' म्हणून मुद्दाम आखलेला भाग कुठे असेल तर तो आधी गाठा. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात असा भाग आहे, अँगल्सी अ‍ॅबीला आहे, हॅम्पशायरमध्ये हिलियरच्या बागेत आहे. तिथे फुलांपेक्षा साली आणि काड्या यांच्या रंगावर सगळी मांडणी केलेली असते. डॉगवुडच्या लालभडक काड्या खाली झुडपासारख्या आणि त्यांच्या मागे पांढऱ्या सालीच्या बर्चची खोडं, ही जोडी तुम्हाला वारंवार दिसेल. हा पांढरा बर्च नीट बघा. तो आपला हिमालयातला भूर्ज आहे, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या तोच. बागांत लावतात त्या सर्वांत पांढऱ्या प्रकाराला व्हिक्टर जाकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव आहे. तो हिमालयात वनस्पती गोळा करत हिंडला आणि १८३२ साली मुंबईत वारला. हे कळल्यापासून मला ते झाड परकं वाटत नाही.

वास हा हिवाळी बागेचा दुसरा भाग, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. थंडीत परागीभवन करणारे कीटक मोजकेच बाहेर असतात, त्यांना लांबून बोलवायचं तर झाडाला वास दूरवर पोचवावा लागतो. सार्कोकोका नावाच्या झुडपाची फुलं इतकी बारीक असतात की दिसतही नाहीत, पण वळणावर पाऊल टाकलं की वास आधी भेटतो. डॅफ्नी भोलुआ हीसुद्धा हिमालयातली. नेपाळात तिच्या सालीचा हातकागद करतात. तिची 'जॅकलिन पोस्टिल' ही जात हिलियरच्या रोपवाटिकेत अ‍ॅलन पोस्टिल यांनी १९८२ साली तयार केली आणि तिला पत्नीचं नाव दिलं. ही झाडं बागेत कुठे लावली आहेत ते बघा. दाराजवळ, बाकाशेजारी, वारा अडणाऱ्या कोपऱ्यात. बागेच्या टोकाला लावलेलं सुगंधी झाड थंडीत कुणी हुंगायला जात नाही, म्हणून जाणते माळी ते येण्याजाण्याच्या वाटेवर लावतात.

वेळ दुपारची निवडा. हिवाळ्यात सूर्य खालून येतो आणि त्या तिरप्या उन्हात काड्या पेटल्यासारख्या दिसतात. लाल डॉगवुड बघताना ऊन आपल्या पाठीशी हवं. कागदासारखी साल सुटणारा मॅपल असतो, एसर ग्रिसियम, तो मात्र उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा. सुटलेल्या सालीतून उजेड आरपार येतो आणि दालचिनीचा रंग झळकतो. रोषणाईची संध्याकाळ बघायची असेल तर उजेड असतानाच आत शिरता येतं का ते पाहा. अंधारात दिवे छान दिसतात, झाडं कळत नाहीत. फोटो काढताना आधी पाटीचा, मग झाडाचा काढा, म्हणजे घरी गेल्यावर नावं शोधत बसावं लागत नाही. आणि गोठलेल्या हिरवळीवरून चालू नका, कुठल्याच बागेत आणि घरीसुद्धा. गोठलेलं पातं पायाखाली मोडतं आणि पावलांचे काळपट ठसे कितीतरी दिवस राहतात.

काचघर असेल तर ते शेवटी ठेवा. लंडनच्या क्यू गार्डन्समधलं टेम्परेट हाऊस १८६३ साली लोकांसाठी उघडलं. पाच वर्षांच्या डागडुजीनंतर ते २०१८ मध्ये पुन्हा खुलं झालं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्सचं मोठं काचघर १९२१ पासून आहे आणि हिवाळी सजावटीसाठीच लोक तिथे लांबून येतात. अशा ठिकाणची सजावट बघताना दिव्यांपेक्षा कुंड्यांची मांडणी बघा. एकाच जातीची खूप रोपं एकत्र ठेवलेली असतात, दहा जातींचं एकेक नव्हे. घरच्या खिडकीतही हाच नियम लागू पडतो.

कापण्याबद्दल वेगळं लिहिते, हा प्रतिसाद फार लांबला.

सुतळी

पानकळाताई कापण्याचं सांगतीलच. मी गुंफण्याचं सांगतो, दर हिवाळ्यात घरी आणि शेजाऱ्यांसाठी दारावर टांगायची हिरव्या पानांची गोल कडी करतो.

दारावरच्या कड्यासाठी सांगाडा विकत घेऊ नका. विलोच्या, डॉगवुडच्या किंवा कुठल्याही लवचीक वेलाच्या ओल्या काड्या घ्या. पहिल्या काडीचं वर्तुळ करून टोक त्यातच पिळून अडकवा, मग बाकीच्या काड्या तिच्याभोवती गुंडाळत जा. चार-पाच काड्यांत भक्कम कडं होतं, तारही लागत नाही. त्यावर हिरव्या डहाळ्यांच्या मुठी बांधायच्या, तळहाताएवढ्या. प्रत्येक मूठ एकाच दिशेला तोंड करून, आधीच्या मुठीचे देठ झाकत. शेवटच्या मुठीचे देठ पहिल्या मुठीच्या पानांखाली सरकवले की सांधा दिसत नाही. तार एकच अखंड ठेवा, प्रत्येक मुठीला कापत बसलात तर सैल होतं.

डहाळ्या आणल्या की लगेच गुंफू नका. देठ तिरपे कापून, खालची पानं काढून रात्रभर थंड पाण्याच्या बादलीत, गार जागी उभ्या ठेवा. पोट भरून पाणी प्यालेली डहाळी दाराबाहेर कितीतरी आठवडे टवटवीत राहते. तीच घरात हीटरशेजारी लावली तर काही दिवसांत कोळपते. म्हणून जिन्याच्या कठड्यावरचं काम सण अगदी तोंडावर आल्यावर करा आणि रोज पाण्याचा फवारा मारा. वाळलेल्या सुचिपर्णी डहाळ्या भुरकन पेट घेतात, जवळ मेणबत्ती अजिबात नको.

भांड्यात देठ खोचायला वापरतात तो हिरवा फ्लोरल फोम टाळा, ही माझी आग्रहाची विनंती. तो प्लॅस्टिकच आहे, कुस्करला की मातीत आणि पाण्यात मिसळून राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. भांड्यात कोंबडीच्या खुराड्याची जाळी चुरगाळून बसवा आणि पाणी भरा. देठ तितकेच घट्ट उभे राहतात आणि जाळी पुढची कित्येक वर्षं चालते.

पाइनची बोंडं मिटलेली मिळाली तर फेकू नका. ओलाव्यात ती मिटतात, सुकली की उघडतात. उबदार खोलीत पसरून ठेवा.

पानकळा

सुतळीदादांनी बांधणी छान सांगितली. आता कापणं.

मी स्वतःसाठी एक नियम ठेवलाय: सजावटीसाठी कापायचं ते छाटणीत कापलं असतं तेच. म्हणजे कात्री लावण्याआधी, ही फांदी इथे नसती तर झाड अधिक चांगलं दिसलं असतं का, असं बघायचं. उत्तर हो असेल तरच कापायची. एकमेकींना घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाटेवर आलेल्या फांद्या कमी नसतात. त्यांतच दाराचं कडं आणि खिडकी सहज होते. कापताना झाडापासून चार पावलं मागे येऊन बघायचं, पुढून एकदा आणि बाजूने एकदा. सजावटीच्या घाईत पुढूनच ओरबाडलेली झाडं मी पाहिली आहेत, वसंतात ती बोडकी बाजू डोळ्यांत खुपते.

तुमच्या एकेका झाडाचं सांगते. थुजाच्या फक्त हिरव्या टोकांना हात लावा. तपकिरी, पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलंत तर तिथून सहसा पुन्हा फुटवा येत नाही, भोक तसंच राहतं. रांगेच्या मागच्या बाजूने, प्रत्येक झाडाचं थोडं थोडं घ्या. सुचिपर्णींमध्ये यू हा अपवाद, तो जुन्या खोडावरूनही फुटतो.

आयव्हीचे दोन अवतार असतात. कुंपणावर सरपटणाऱ्या लांब वेली, त्यांची पानं कोनदार, या हव्या तेवढ्या काढा. कठड्यावर वळवायला याहून चांगलं काही नाही, आणि तशाही त्या आवरायच्याच असतात. वर उन्हात पोचल्यावर मात्र आयव्ही झुडपासारखी होते, पानांचे कोन जातात आणि शरद ऋतूत तिला फुलं येतात. त्या फुलांवर वर्षातल्या शेवटच्या मधमाश्या जगतात आणि त्यांची काळी फळं हिवाळ्याच्या शेवटी, बाकी सगळं संपल्यावर, पक्ष्यांना मिळतात. तो भाग राहू द्या.

हायड्रेंजिया कुठला आहे ते आधी बघा. तुरा टोकदार, शंकूसारखा असेल तर तो नव्या फुटव्यावर फुलतो, वाळलेले तुरे खुशाल कापा. मोठं गोल डोकं आणि रुंद जाड पानं असतील तर थांबा. त्या वाळक्या डोक्याखालीच पुढच्या वर्षीचे फुगीर डोळे बसलेले असतात, आणि ते वाळकं डोकं त्यांना थंडीपासून थोडं झाकून ठेवतं. एक-दोन हवेच असतील तर डोळ्यांच्या पहिल्या जाड जोडीच्या वर, आखूड देठ ठेवून कापा.

चेरी, प्लम यांना थंडीत कात्री लावू नका. ओल्या थंडीत उघड्या जखमेतून चंदेरी पानांचा बुरशीरोग शिरतो. त्यांची छाटणी उन्हाळ्यात. लायलॅक, फोर्सिथियासारख्या वसंतात फुलणाऱ्यांचे कळे आत्ताच तयार आहेत, त्यामुळे कापलेली प्रत्येक काडी म्हणजे तेवढी फुलं गेली. हिवाळा सरत आला की फोर्सिथियाची एखादी काडी घरात पाण्यात ठेवा, उबेने ती आधीच फुलते. आणि झाड गोठलेलं असताना काहीच कापायचं नाही. पानं ठिसूळ झालेली असतात, दंव वितळू द्या.

चिमणचारा

एका गोष्टीवर मला थोडं वेगळं म्हणायचंय. हायड्रेंजियाचं पटलं, पण बाकी वाळकी बोंडं, अ‍ॅलियम, टीझल, सूर्यफुलाच्या जातीची, सजावटीसाठी कापूच नयेत असं माझं मत. टीझलच्या बोंडांतून गोल्डफिंच पक्षी बिया वेचतात ते बघण्यासारखं असतं. पोकळ देठांत कीटक हिवाळा काढतात. सजावट चार दिवसांची, त्यांना तो हिवाळाभराचा आसरा असतो.

पानकळा

चिमणचारा, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि मीही वाफा साफ करते तो वसंत लागल्यावरच. पण बोंडं पूर्ण वर्ज्य मानायची गरज मला वाटत नाही. अ‍ॅलियम आणि नायजेलाच्या बिया थंडीआधीच गळून गेलेल्या असतात. रिकामी बोंडं त्या वेळी घेतली तर पक्ष्यांचं काही जात नाही. टीझल आणि सूर्यफूल राहू द्यायचं. आणि सण झाल्यावर डहाळ्या, देठ कचऱ्यात न टाकता बागेच्या कोपऱ्यात सैल ढीग करून ठेवायचे, त्यात काय असेल ते वसंतात आपोआप बाहेर पडतं. तार तेवढी आधी काढून घ्या.

मांजरवेडी

घरात मुलं किंवा प्राणी असतील तर: यूची पानं आणि बिया खूप विषारी, कुत्र्याने चावायला नको. हॉली, आयव्ही, मिसलटोची फळंही पोट बिघडवतात, ती वर टांगा आणि खाली गळलेली रोज वेचा. मांजर असेल तर लिली घरात आणूच नका, परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. पॉइन्सेटियाला लोक फार घाबरतात. त्याच्या चिकाने जळजळ होते, पण तो लिलीइतका घातक मुळीच नाही.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार! हायड्रेंजिया गोल डोक्याचा निघाला, त्याला हात लावत नाही. घरात मांजर नाही, पण भाचीची मुलं येतील, म्हणून फळांचं सगळं उंचावर.

अजून दोन शंका. मादी हॉली आत्ता लावली तरी यंदा फळं मिळणार नाहीत, तर रंग कशाने आणू? आणि सासूबाईंना भेट म्हणून त्यांच्याकडे परत नेता येईल असं बागेतलं काही आहे का? त्या राहतात तिथेही गोठवणारी थंडी पडते.

पानकळा

रंगासाठी डॉगवुड. तुमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना आत्ताच विचारा. त्याचा लाल रंग कोवळ्या काड्यांनाच असतो, म्हणून तो वसंताच्या तोंडाशी अगदी खाली कापायचाच असतो आणि लोक काड्या आनंदाने देतात. उंच भांड्यात नुसत्या लाल काड्या आणि खाली तुमची पांढऱ्या कडांची हॉली, यापुढे फळांची उणीव भासणार नाही. गुलाबाची लाल बोंडं कुणाकडे असतील तर तीही घ्या, घट्ट आणि न सुरकुतलेली बघून. खिडकीत पॉइन्सेटिया ठेवायचा असेल तर आणताना तो नीट गुंडाळून आणा. थंड वाऱ्याचा एक झोत लागला तरी पानं गळतात.

आणि तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तरही याच काड्यांत आहे. सजावटीला वरचा बारीक भाग वापराल, तेव्हा खालचे पेन्सिलएवढे जाड भाग बाजूला ठेवा. त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा डोळ्याच्या वर तिरपा, म्हणजे उलटसुलट होणार नाही. दोन-तृतीयांश मातीत, एक-तृतीयांश वर, अशा एका खोल कुंडीत पाच-सहा तुकडे लावा आणि कुंडी बाहेरच ठेवा. घरात उबेला आणू नका, मुळांआधी पानं फुटतात आणि काडी संपून जाते. माती नुसती ओलसर हवी. डॉगवुड असा सहज लागतो, पण मुळं धरायला पुढचा शरद ऋतू उजाडतो, तोपर्यंत उपटून बघायचं नाही. सासूबाई परत निघतील तेव्हा कुंडीच त्यांच्याकडे द्या. त्यांच्या गावीही ती उघड्यावर राहू दे, फक्त भिंतीच्या आडोशाला.

जाण्याआधी त्यांना एखाद्या दुपारी हिवाळी बागेत नक्की न्या, आणि डॉगवुड मोठा झाल्यावर कसा दिसतो ते तिथे दाखवा. विच हेझल फुलला असेल तर त्याच्याजवळही थांबा. कडक थंडी पडली की त्याच्या रिबिनीसारख्या पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात, त्यामुळे आदल्या रात्री गोठलं असेल तर सकाळी जाऊ नका.